राज्याच्या विधिमंडळात कॉन्झर्व्हेटिव्ह कॉकस कसा उभा करतात: पहिल्या बैठकीपासून पहिल्या सेशनपर्यंत

अमेरिकेचं राजकारण म्हटलं की आपलं सगळ्यांचं लक्ष वॉशिंग्टनकडे, पण शाळेत काय शिकवायचं, प्रॉपर्टी टॅक्स किती, मतदार नोंदणीला कुठली कागदपत्रं लागणार, हे बहुतेक सगळं ठरतं राज्यांच्या विधिमंडळात. आणि तिथे गेल्या आठ-दहा वर्षांत एक प्रकार जोरात वाढलाय, रिपब्लिकन पक्षाच्याच आत राहून मूठभर आमदार स्वतःचा कॉन्झर्व्हेटिव्ह कॉकस, म्हणजे उजव्या विचारांचा वेगळा गट, काढतात, बहुतेक ठिकाणी नाव 'फ्रीडम कॉकस', आणि आपल्याच पक्षाच्या स्पीकरला घाम फोडतात. टेक्सासमध्ये २०१७ ला झाला, साउथ कॅरोलायनात २०२२ ला, आणि वायोमिंगमध्ये तर २०२४ च्या निवडणुकीनंतर अशा गटाने अख्खं खालचं सभागृहच हातात घेतलं, देशात पहिल्यांदाच.

असा गट प्रत्यक्षात उभा कसा राहतो ते इथे पायरी-पायरीने लिहितोय. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कोणी आमदाराच्या ऑफिसात काम करतं, कोणी पक्षाच्या काउंटी कमिटीत आहे, कोणाला फक्त समजून घ्यायचंय, सगळ्यांना उपयोगी पडावं. तुमचं मत या गटांच्या बाजूचं असो की विरोधातलं, यंत्रणा कळली तर पुढचं कळेल. माझं स्वतःचं ठाम म्हणणं एकच आहे: असा गट नावावर किंवा भाषणांवर चालत नाही, तो चालतो सभागृहाच्या नियमांवर आणि बिलं वाचणाऱ्या माणसावर. ज्यांनी या दोन गोष्टी आधी केल्या त्यांचं जमलं.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा

महाराष्ट्राच्या सवयीने बघितलं तर पहिला प्रश्न येतो, अरे पण व्हिप काढला की यांची आमदारकी जाईल ना? नाही जात. आपल्याकडे १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं, पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही तर अपात्रता, आणि एक तृतीयांश फुटीची जी पळवाट होती ती २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने बंद झाली. म्हणून आपल्या २८८ च्या विधानसभेत नाराज गट एकतर गप्प बसतो नाहीतर थेट पक्षच फोडायला निघतो, मधला रस्ता नाही. अमेरिकेत असा कायदाच नाही. आमदार पक्षात राहून पक्षाच्या बजेटविरुद्ध मत देऊ शकतो, स्पीकर त्याची कमिटी काढून घेईल, पार्किंग काढून घेईल, पुढच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, त्याच्याविरुद्ध माणूस उभा करेल, पण खुर्ची मतदारच काढू शकतात. हा सगळा खेळ या एका मोकळीकीवर उभा आहे.

नमुना वॉशिंग्टनमधूनच आला. जानेवारी २०१५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात रिपब्लिकन खासदारांचं शिबिर होतं, तिथे नऊ खासदारांनी बसून हाउस फ्रीडम कॉकस ठरवला, जिम जॉर्डन पहिले अध्यक्ष. त्यांच्या दबावामुळे त्याच वर्षाच्या ऑक्टोबरच्या शेवटी त्यांच्याच पक्षाचे स्पीकर जॉन बेनर पायउतार झाले होते. राज्यातल्या मंडळींनी हे बघितलं आणि त्यांना कळलं की बहुमत नसतानाही जोर लावता येतो, फक्त जागा बरोबर शोधायला हवी.

पायरी १: रूलबुक घ्या आणि आकडे काढा

लोक सुरुवात करतात नाव आणि लोगोपासून, तसं करू नका. सभागृहाचे नियम प्रिंट काढा, राज्यघटनेतलं विधिमंडळाचं प्रकरण शेजारी ठेवा, आणि एक-एक ठिकाणी लिहून काढा की कशाला किती मतं लागतात आणि किती मतांनी ते अडतं. दुसरा आकडा तुमचा. तोच गटाचं टार्गेट.

वायोमिंगचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. तिथलं खालचं सभागृह ६२ जणांचं. सम वर्षांत छोटं बजेट सेशन होतं आणि त्यात बजेटबाहेरचं कुठलंही बिल नुसतं दाखल करून घ्यायलाच दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे ४२. याचा अर्थ २१ जण एकत्र उभे राहिले की बिल पहिल्याच दिवशी संपलं, कमिटी नाही, चर्चा नाही, काही नाही. २०२४ च्या बजेट सेशनला फ्रीडम कॉकस बहुमतात नव्हता, पण एकवीसचा आकडा त्यांच्याकडे होता, आणि नेतृत्वाने महिनोन्महिने कमिट्यांमध्ये तयार केलेली बिलं त्यांनी दारातच थांबवली. ६२ मध्ये बहुमताला ३२ लागतात, ते नव्हते तरी चाललं. हे नियम न वाचता कोणाला सुचलं असतं?

टेक्सासचं गणित वेगळं. तिथे १५० आमदार, आणि २०१७ मध्ये फ्रीडम कॉकस होता जेमतेम डझनभर लोकांचा, मॅट शेफर अध्यक्ष. एवढ्यांनी काय होणार? पण तिथे बिनविरोध, किरकोळ बिलांची एक वेगळी यादी असते, लोकल अँड कन्सेंट कॅलेंडर, त्यात नियम असा की पाच आमदारांनी लेखी हरकत घेतली की बिल यादीतून बाहेर. मे २०१७ मध्ये त्यांची बिलं अडवली जातायत म्हणून चिडून त्यांनी हीच किल्ली फिरवली, शंभराहून जास्त बिलं एका झटक्यात मेली कारण डेडलाइन निघून गेलेली होती, परत आणायला वेळच नव्हता. मदर्स डेच्या आदल्या शुक्रवारी झालं म्हणून तिथले लोक अजून त्याला 'मदर्स डे मॅसकर' म्हणतात.

मिझुरीत तिसरीच गोष्ट, तिथल्या ३४ जणांच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, बोलायला वेळेची मर्यादा नाही, त्यामुळे चार-पाच जण आलटून पालटून उभे राहिले तरी कामकाज ठप्प. २०२४ मध्ये तिथल्या फ्रीडम कॉकसने ४१ तास सभागृह धरून ठेवलं.

तर तुमच्या राज्यात ही जागा कुठे आहे ते शोधा. सेशन किती दिवसांचं, डेडलाइन कुठल्या तारखेला, रोल कॉल, म्हणजे नावानिशी नोंद होणारं मतदान, मागायला किती हात लागतात, कमिटीत अडकलेलं बिल बाहेर काढायला किती सह्या लागतात, स्पीकरची निवड साध्या बहुमताने होते का. हे सगळं एका पानावर मावलं पाहिजे आणि ते पान प्रत्येक मेंबरच्या फाइलमध्ये असलं पाहिजे.

पायरी २: माणसं मतांवरून निवडा, भाषणांवरून नको

प्रचारात सगळेच कॉन्झर्व्हेटिव्ह असतात. खरं काय ते रोल कॉलमध्ये दिसतं. मागच्या दोन सेशनची मतं विधिमंडळाच्या वेबसाइटवर असतात, ती एक्सेल शीटमध्ये उतरवा. डावीकडे आमदारांची नावं, वर बिलं. पण कुठली बिलं घ्यायची यात खरी मेख आहे. अंतिम मतदानाला फार किंमत देऊ नका, तिथे बिल पास होणार हे माहीत असतं, लोक मतदारसंघाला दाखवायला मत देतात. अमेंडमेंटची मतं घ्या, बिल बाजूला सारायच्या मोशनची घ्या, चर्चा थांबवायच्या मोशनची घ्या, आणि त्यातलीही फक्त तीच जिथे पक्षात उभी फूट पडली होती. वीस-पंचवीस अशी मतं मिळाली तरी भरपूर.

आणि एक कॉलम गैरहजेरीचा ठेवाच. काही आमदार असे सापडतात की विरोधात कधीच नसतात, पण अवघड मताच्या वेळी नेमके सभागृहाबाहेर असतात, कोणाचा फोन आलेला असतो, कोणाची मीटिंग असते. असा माणूस स्वभावाने कितीही चांगला असला तरी पहिल्या फळीत घेऊ नका, त्याच्या भरवशावर तुम्ही आकडा मोजाल आणि ऐन वेळी एक कमी पडेल.

शीटवरून पाच-सहा नावं वर येतील. त्यांच्याशी एकेकट्याने बोला, ग्रुप ईमेल नको, मेसेज नको, सरळ जेवायला भेटा. विचारायचं एवढंच, स्पीकरने तुमची आवडती कमिटी काढून घेतली तरी तुम्ही राहाल का? जो लगेच हो म्हणतो त्याच्यापेक्षा जो दोन दिवस घेऊन, घरी बोलून हो म्हणतो तो जास्त टिकतो असं माझं मत आहे.

पायरी ३: वकील गाठा, पैसे गोळा करायच्या आधी

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महागात पडणारी. प्रत्येक राज्यात कॉकसची कायद्यातली व्याख्या वेगळी. साउथ कॅरोलायनाचं बघा. तिथल्या कायद्यात पक्षावर, वंशावर किंवा लिंगावर आधारलेल्या कॉकसना पैसे उभे करायला, खर्च करायला परवानगी होती, बाकीचे सगळे 'स्पेशल इंटरेस्ट कॉकस' आणि त्यांना ती मुभा नाही. फ्रीडम कॉकस त्या दुसऱ्या खान्यात पडला. त्यांनी फेडरल कोर्टात केस टाकली आणि जून २०२३ मध्ये न्यायाधीश कॅमेरॉन करी यांनी निकाल दिला की असा भेदभाव अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात आहे. जिंकले, पण मधल्या काळात गटाचे हात बांधलेलेच होते ना.

वकिलाला विचारायचे प्रश्न साधारण असे: ओपन मीटिंगचा कायदा आपल्या बैठकीला लागू होतो का, एखाद्या कमिटीचे निम्म्याहून जास्त मेंबर आपल्याच गटात असतील तर आपली बैठक ही कमिटीची बैठक धरली जाईल का, मेंबरांमधले ईमेल आणि टेक्स्ट माहिती अधिकारात मागता येतात का, लॉबिस्टने, म्हणजे कंपन्या-संघटनांसाठी आमदारांची मनं वळवणाऱ्याने, कॉफीचं बिल भरलं तर ते जाहीर करावं लागतं का. आणि सरकारी ऑफिस, सरकारी ईमेल, सरकारी पगारावरचा असिस्टंट यातलं काहीही निवडणुकीच्या कामाला वापरायचं नाही, इथे शंकेलाही जागा ठेवू नका. धोरणाचं काम आणि निवडणुकीचं काम, दोन्हीचे बँक खाते वेगळे, माणसं शक्यतो वेगळी.

पायरी ४: नियमावली, आणि ८० टक्क्यांचा प्रश्न

दोन-तीन पानांची नियमावली पुरते. मेंबर कसा होतो, कसा जातो, अध्यक्ष किती काळ, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गट म्हणून भूमिका कधी घ्यायची. वॉशिंग्टनच्या कॉकसने ठरवलं होतं की ८० टक्के मेंबर एका बाजूला आले तर बाकीच्यांनीही तसंच मत द्यायचं, आणि मेंबरशिप फक्त निमंत्रणाने. बऱ्याच राज्यांनी साधारण हाच साचा घेतला.

माझ्या मते ८० टक्के चांगला आकडा आहे कारण साध्या बहुमतावर बांधलं तर दर आठवड्याला चार-पाच जण नाराज होतात, आणि एकमतावर ठेवलं तर गट कधीच काही ठरवत नाही. पण सूट लिहून ठेवा. मेंबरने मतदारांना जाहीर शब्द दिला असेल, किंवा सदसद्विवेकाचा प्रश्न असेल, तर त्याने आदल्या दिवशी अध्यक्षाला सांगावं आणि वेगळं मत द्यावं. आदल्या दिवशी हा शब्द नियमावलीत असलाच पाहिजे, सभागृहात बटण दाबताना कळलं तर आकडा कोसळतो.

यादी गुप्त ठेवायची का? सुरुवातीला बरेच गट फक्त अध्यक्षाचं नाव जाहीर करतात, कारण नवीन मेंबरवर नेतृत्वाचा दबाव लगेच येतो. समजू शकतो मी, पण पहिलं सेशन संपेपर्यंतच. मतदाराला आपला आमदार कुठल्या गटात बसतो हे माहीत असायलाच हवं, जो गट पारदर्शक सरकार मागतो त्याने स्वतःची यादी लपवणं पटत नाही.

पदं फार नकोत, अध्यक्ष, उपाध्यक्ष, व्हिप (म्हणजे प्रतोद). चौथा माणूस मात्र हवाच, ज्याला नियम तोंडपाठ आहेत आणि जो सभागृहात बसल्या जागी पॉइंट ऑफ ऑर्डर, म्हणजे नियमाच्या हरकतीचा मुद्दा, काढू शकतो. तो बोलका नसला तरी चालेल.

पायरी ५: बिलं वाचणारा माणूस

इथे जरा थांबतो कारण यावरच सगळं अवलंबून आहे. राज्याचे आमदार बहुतेक ठिकाणी अर्धवेळ असतात. न्यू हॅम्पशायरमध्ये खालच्या सभागृहात ४०० जण आणि मानधन वर्षाला १०० डॉलर. टेक्सासमध्ये महिन्याला ६०० डॉलर, सेशन दोन वर्षांतून एकदा १४० दिवस, आणि तेवढ्यात हजारो बिलं. हा माणूस शेती किंवा वकिली सांभाळून येतो, त्याच्याकडे स्वतःचा स्टाफ नावापुरता. मग बिलात काय आहे हे त्याला सांगतं कोण? लॉबिस्ट सांगतो, नाहीतर नेतृत्वाचा स्टाफ सांगतो, आणि दोघांनाही त्याचं मत हवं असतं. म्हणजे चांगल्या मनाचा आमदारसुद्धा न वाचता हिरवं बटण दाबतो, आणि गावी गेल्यावर लोक विचारतात तेव्हा त्याला उत्तर नसतं.

हीच फट बघून डिसेंबर २०२१ मध्ये अटलांटात स्टेट फ्रीडम कॉकस नेटवर्क सुरू झालं, अँडी रॉथ त्याचे प्रमुख. त्यांची कल्पना साधी, प्रत्येक राज्यातल्या गटाला एक पूर्णवेळ स्टेट डायरेक्टर द्यायचा, जो बिलं वाचेल आणि मेंबरांना मतदानाआधी कळवेल. तुम्ही या नेटवर्कशी जोडून घ्या किंवा न घ्या, बाहेरचा पैसा आणि बाहेरची दिशा नको असं ज्यांना वाटतं त्यांचं म्हणणंही मला पटतं, पण मग तो माणूस स्वतःच्या पैशाने नेमा. आधी माणूस, मग पत्रकार परिषद.

त्याचं रोजचं काम असं. रात्री दुसऱ्या दिवशीची कार्यक्रमपत्रिका येते. प्रत्येक बिलावर तो चार ओळी लिहितो: आत्ता कायदा काय आहे, बिल काय बदलतं, पैसे किती आणि कुठून, शिफारस काय. चारच ओळी, निबंध नाही. सकाळी सभागृह सुरू व्हायच्या तासभर आधी सगळे बसतात, ज्या बिलांवर वाद नाही ती वगळायची, उरलेल्या सात-आठ बिलांवर बोलायचं, व्हिप हात मोजतो, ८० टक्के झाले की नोंद, नाही झाले तर मोकळं मत. ज्या मेंबरला त्या विषयातलं कळतं, शिक्षक असेल तर शाळेचं बिल, रँचर असेल तर पाण्याचं, त्याचं आधी ऐका.

पायरी ६: पाच बिलं, पंचवीस नाही

अडवणं सोपं असतं, लोक लवकर विचारतात की तुम्ही केलं काय. वायोमिंगवाल्यांनी बहुमत आल्यावर जानेवारी २०२५ मध्ये 'फाइव्ह अँड डाइम' नावाचा प्लॅन आणला, पहिल्या दहा दिवसांत पाच बिलं सभागृहातून पास करायची. मतदार नोंदणीला नागरिकत्व आणि रहिवासाचा पुरावा, प्रॉपर्टी टॅक्स, असे लोकांना एका वाक्यात कळणारे विषय. चिप नायमन स्पीकर होते, ठरल्याप्रमाणे पाचही सभागृहातून गेली. पुढे ३१ जणांच्या सिनेटमध्ये सगळ्यांचं तितकं सोपं गेलं नाही, नोंदणीचं बिल मात्र गव्हर्नर मार्क गॉर्डन यांच्या सहीशिवाय कायदा झालं.

यातून घ्यायचं ते असं की दुसऱ्या सभागृहात निदान दोन-तीन माणसं सेशनच्या आधीच शोधून ठेवा, आणि बिल लिहितानाच गव्हर्नरच्या ऑफिसचं म्हणणं काय असेल ते माहीत करून घ्या.

आणि अडवायची ताकद जपून वापरा. टेक्सासमध्ये त्या शुक्रवारी जी बिलं मेली त्यात बाळंतपणातल्या मातामृत्यूंशी संबंधित बिलही होतं. ज्यांची बिलं गेली त्या आमदारांचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता. मी अशा गटांच्या बऱ्याच मुद्द्यांशी सहमत आहे, सरकारने कमी खर्च करावा, बिलं वाचून मत द्यावं, पण हे चुकलं असं मला अजूनही वाटतं. हरकतीचं कारण प्रत्येक बिलावर वेगळं लिहून द्या, आणि कारण लिहिता येत नसेल तर हरकत घेऊ नका. पुढच्या वर्षी त्याच आमदाराचं मत तुम्हाला लागणार आहे हे सुद्धा आहेच.

पायरी ७: पलटवार येणार, तयारी ठेवा

जानेवारी २०२४ मध्ये मिझुरी सिनेटचे नेते केलेब राउडन यांनी फ्रीडम कॉकसच्या सिनेटरांची कमिट्यांची अध्यक्षपदं काढून घेतली, शिवाय पार्किंगच्या जागाही बदलल्या. साउथ कॅरोलायनात पक्षाच्या मुख्य कॉकसने डिसेंबर २०२२ मध्ये मेंबरांपुढे कागद ठेवला, विद्यमान सहकाऱ्यांविरुद्ध प्रचार करणार नाही यावर सही करा, ज्यांनी केली नाही ते बाहेर.

म्हणून मेंबर घेतानाच सांगा की हे होणार. ज्याच्या मतदारसंघात मोठं धरण, कॉलेज किंवा हॉस्पिटलचा निधी अडकलाय त्याला जास्त त्रास होईल, त्याच्या निधीसाठी बाकीच्यांनी सभागृहात उभं राहायचं हे आधी ठरवून ठेवा. शिक्षा झाली की त्याच संध्याकाळी त्या मेंबरच्या गावात बाकीचे चार जण गेले पाहिजेत. राजधानीतल्या टीव्हीवर रडून काही होत नाही. आणि स्पीकरशी बोलायचा रस्ता कायम चालू ठेवा, एकाच माणसाने बोलायचं, शक्यतो अध्यक्षाने, जे बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगायचं.

पायरी ८: प्रायमरी

गट वाढतो तो प्रायमरीत. वायोमिंगची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ५ लाख ७६ हजार, भागिले ६२, म्हणजे एका आमदारामागे साधारण ९,३०० माणसं. एवढ्या मतदारसंघात टीव्हीच्या जाहिरातीपेक्षा संध्याकाळी घरोघर जाणारा उमेदवार भारी पडतो. टेक्सासमध्ये एका जागेमागे दोन लाखांच्या आसपास लोक, तिथे हे गणित चालत नाही, पैसा लागतो. उमेदवार शोधताना शाळा बोर्ड, काउंटी कमिशन, पाणी बोर्ड इथे ज्यांनी बजेट हाताळलंय त्यांच्याकडे आधी जा.

सेशन संपलं की लगेच घरी जाऊ नका. तेव्हा अजून सगळ्यांच्या लक्षात असतं, एक पूर्ण दिवस बसून शीट परत उघडा, यावेळची मतं भरा, गटाची भूमिका एकीकडे आणि मेंबरांची मतं एकीकडे लावून बघा, कोण आदल्या दिवशी न सांगता सुटला ते समोरासमोर विचारा. चार ओळींच्या सगळ्या नोंदी एकत्र करून मतदारांसाठी जाहीर करा, मेंबरांच्या नावांसकट. मग दोन सेशनच्या मधल्या काळात कुठली कमिटी कुठला विषय घेणार आहे त्याची यादी मागवा, बहुतेक राज्यांत ती सेशननंतर थोड्याच दिवसांत ठरते, आणि प्रत्येक विषयाला एक मेंबर नेमून द्या, कारण पुढच्या सेशनची बिलं त्याच बैठकांमध्ये लिहिली जातात.